बायकांच्या बाकावर बसलेला माणूस

सोलापुरात शिलाई मशीन दुरुस्त करणारा तो गृहस्थ आमच्याच चर्चच्या मंडळीतला. मशीनला कान लावून तो विचारायचा, "बोल की गं बाई, कुटं दुखतंय?" आणि मग स्वतःच "व्हय, व्हय" म्हणायचा. उपासनेतही त्याचं "व्हय" सगळ्यांच्या "आमेन"च्या आधी यायचं आणि आम्ही खाली मान घालून हसायचो.

चर्चच्या पाळकांपुढे मात्र उघड हसायची कुणाची छाती नव्हती. कुणी कुणाशी लग्न करायचं, हेसुद्धा तेच ठरवत. एका रविवारी त्यांनी भर उपदेशात एका विधवेचं नाव घेतलं. नुसत्या प्रार्थनेवर न थांबता तिनं तापानं फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात नेलं होतं. "हिची श्रद्धा मेली. हिच्याशी कुणी बोलायचं नाही," पाळक म्हणाले.

तो मशीनवाला उठला. "पाळकसाहेब, तुमची दाढ दुखली तवा मीच सायकलवरनं डाक्टरकडं नेलं की. लई वरडत हुता तुमी. तवा तुमची श्रद्धा कुटं गेलती?"

मग सरळ बायकांच्या बाजूला जाऊन तो तिच्या शेजारी बसला. "ताई, पोरगी कशी हाय?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली आणि रडू लागली.

पुढच्या रविवारी त्याच्याशीही बोलायला बंदी झाली. उपासना सुटली तेव्हा तो फाटकात उभा राहून मंडळीच्या रिवाजाप्रमाणे एकेकाला "सलाम" म्हणत होता. लोक मान वळवून निघून जात होते. पाळकांच्या देखत पहिलं उत्तर माझ्या आईनं दिलं, "सलाम, दादा." मग आणखी दोघांनी दिलं. चौथा सलाम माझा, तोही आईच्या पाठीमागून.