ताईबाईंची आठवड्याची गोळी

असोद्याच्या आमच्या शेजारीण ताईबाई लग्नघरी खापरावर मांडे करतात. संधिवातासाठी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली होती. लग्नसराईत मात्र मांडे करायचे त्या प्रत्येक दिवशी त्यांनी ती घेतली, बोटं मोकळी राहावीत म्हणून. डोळे पिवळे दिसले, तेव्हा मी त्यांना जळगावला नेलं.

"लिव्हरला सूज आहे. गोळी आजच बंद. परवा पुन्हा रक्त तपासू," डॉक्टर म्हणाले.

बसमध्ये ताईबाईंची चुळबुळ थांबेना. "अक्का, रविवारचे मांडे कोन करीन?"

"तुमची सून."

"तिचा मांडा म्हंजे पापड."

गोळ्यांचं पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं आणि वाटेत दोनदा परत मागितलं. उतरताना आखडलेला हात पुन्हा पुढे आला. मी पर्स घट्ट धरली.