चरवीतलं निम्मं दूध

थोरला भाऊ पैलवान, तालमीतच राहायचा. मोठी कुस्ती ठरली तेव्हा वस्तादांनी त्याला महिनाभर बाहेर पडायची बंदी केली आणि चौकातून दूध पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा इंटर सायन्सला होतो. आमच्याकडे गवळी चौकात म्हैस आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतात. दुधाची खात्री ती एवढीच, आणि इथं गिऱ्हाईकच जागेवर नव्हतं.

चरवीत आठ पेले मावत. पहिल्या दिवशी वाटेतल्या नळावर मी एक पेला प्यालो आणि तेवढंच पाणी घातलं. दूध राहिलं सात-अष्टमांश. पुढे दोन मित्र येऊ लागले, पेले पाच झाले. दर पेल्यानंतर चरवी पाण्यानं पुन्हा काठोकाठ.

"पाच पेलं गेलं. आता तीनच पेलं दूध ऱ्हायलं की रं!" एक मित्र म्हणाला.

मी हसलो. दुसऱ्या पेल्यापासून आम्ही दुधाबरोबर आमचंच पाणीही पीत होतो. दर वेळी जातो तो उरलेल्या दुधाचा आठवा भाग. म्हणून वजा करायचं नाही, सात-अष्टमांशानं पाच वेळा गुणायचं. लॉगच्या कोष्टकावरून उत्तर काढलं: निम्म्याहून किंचित जास्त. आणखी पाच पेले घेतले तर त्याचंही निम्मं. दूध कधीच पुरतं संपत नाही, हे मी मित्रांना पटवून दिलं. ते गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

आठवड्यात भाऊ कुरकुरला, दूध पातळ लागतंय. वस्तादांनी चरवीत बोट बुडवून बघितलं आणि तडक चौक गाठला.

"पैलवानाच्या दुधात पाणी घालतोस व्हय रं?"

सगळा चौक ऐकत होता. मी शेजारी उभा होतो. आमचा गवळी एवढंच म्हणाला, "डोळ्यांम्होरं काढतोय की."

दुसऱ्या दिवशी त्यानं म्हैस तालमीच्या दारात आणली आणि भावाच्या हातातल्या चरवीत धार काढली. दूध घट्ट, फेसाळ. मला वाटलं, सुटला बिचारा. पण वस्ताद गरजले, "बघा, कसं सुधारलं! भ्यालं लेकाचं!" त्यानं दिलेला पुरावा त्याच्यावरच उलटला. गिऱ्हाइकं दुसऱ्या म्हशींकडे वळली. भावानं कुस्ती मारली, आणि गवळी चौक सोडून कागलला गेला.

पाच-सहा वर्षांनी, शिक्षक झाल्यावर, मी कागलला त्याच्या गोठ्यावर गेलो. सगळं सांगितलं. तो वैरण टाकत होता.

"किती पेलं?"

"पाच."

"मी चार धरलंतं." हात थांबला नाही. "दारात म्हस आणली तवा तुमचं त्वांड बघितलं. तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोन ऐकतंय माझं? आन् मास्तर, मला सांगून काय उपेग? चौकात सांगा."

"सांगतो," म्हणालो. परत आलो आणि त्या चौकातून सायकल न थांबवता पुढे गेलो. वस्ताद कट्ट्यावरच बसले होते. नंतरही कितीदा तसाच गेलो.

आता सांगतो. त्याचं दूध चोख होतं. पाणी मी घातलं. हे छापून आलं की संध्याकाळी, धारेच्या वेळी, कागद घेऊन मी त्याच चौकात उभा राहणार आहे आणि मोठ्यानं वाचणार आहे.