आत्याच्या झोपाळ्यावर

“रागावलात ते अख्ख्या गोत्री भागाला ऐकू गेलं. पण घाबरलात कशाला, ते सांगा ना!” आतून आत्याचा आवाज आला आणि तिच्याकडे येणाऱ्यांच्या वेळा टिपायला बाहेर फोनपाशी बसलेल्या मला कळलं, आत्याच्या झोपाळ्यावरचं जोडपं आता वळणावर आलंय.

माझ्या नवऱ्याच्या या आत्याइतकं परक्यांच्या भांडणांवर प्रेम करणारं माणूस बडोद्यात दुसरं नसेल. नवरा-बायकोंचं समुपदेशन ती रीतसर शिकली आहे, पण टेबल-खुर्ची तिला मानवत नाही. दोघांना झोपाळ्यावर शेजारी बसवायचं आणि आपण समोर वालपापडीच्या शेंगा निवडत बसायचं. “हात रिकामे राहिले की मला सल्ले सुचतात,” म्हणते. सल्ल्यांना तिथे बंदी, ‘तू नेहमी’ आणि ‘तू कधीच’ यांनाही. रागाच्या खाली जे असेल तेवढंच बोलायचं. झोपाळ्यावर एकजण झोका देतो, दुसरा पाय टेकवून अडवतो, आणि आत्या चेहरे सोडून ते पायच बघत असते. बायकोच्या फोनवरच्या गप्पांवर तासभर तडतडलेले एक साहेब शेवटी पुटपुटले, “ही डभोईला माहेरी गेली की मला घरात शिरवत नाही.” बायको हसत म्हणाली, “हाय हाय, तो बोलवुं जोईए ने! बोलायचं ना मग तसं!” आणि सगळ्यात मोठ्याने रडली आत्या, तीही साहेबांच्याच रुमालात.

मग माझ्या नवऱ्याला पुण्यातल्या नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी चालून आली. ‘मला पुण्याला बोलावलंय’ एवढंच त्याने सांगितलं, मी “छान” म्हटलं. तेव्हापासून घरात ‘मीठ हवं?’ आणि ‘नको’ एवढंच उरलं. दिवाळीचा फराळ द्यायला आम्ही आत्याकडे गेलो, तर तिने डबा घेतला आणि आम्हाला झोपाळ्यावर बसवलं. त्याने झोका दिला. माझा पाय जमिनीवरून हलेना.

“काय गं, अडवतेस का त्याला?”

“ती कशाला अडवेल?” तोच म्हणाला. “परवा होकार कळवायचाय. मी गेलो काय नि राहिलो काय, हिला सारखंच.”

माझ्या तोंडून सवयीने निघालं, “आय ॲम फाइन, आत्या.”

“इंग्रजीत तू कायमच फाइन असतेस, बाई. मराठीत कशी आहेस?”

बाहेर पोरं फटाके उडवत होती. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही, असं वाटून मला जरा धीर आला.

“मराठीत मी रोज रडते,” मी म्हटलं. “जायचं तर जा रे, पण मलाही ने.”