साहेबाच्या बंगल्यातली दिवटी

लेकाच्या लग्नाची पहिली पत्रिका देवीला द्यायची म्हणून आम्ही दोघं शनिवारी पहाटेच कळंबहून एसटीनं तुळजापूरला निघालो. दर्शन लवकर झालं तर तामलवाडीच्या वाटेवरचा साहेबाचा बंगला बघायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. आमच्या ह्यांना मात्र गाडीत बसल्यावर सांगितलं, घरी सांगितलं असतं तर बंगला राहूनच गेला असता. "बाग बघायला तिकीट काढायचं? आपल्या शेतात झाडं कमी हायत व्हय?" एवढं बोलून त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. तुळजापूरहून सोलापूरकडं जाणारी गाडी धरायची, तामलवाडीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून पाऊण किलोमीटर चालायचं. पाटी नाही, चिंचांची रांग हीच खूण. तिकीट माणशी वीस रुपये. बागेत गरम धपाटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. ह्यांनी धपाटं दोनदा मागून घेतलं, तेव्हाच अर्धा राग उतरला.

निजामाच्या अमलात कुणा इंग्रज साहेबासाठी बांधलेला हा बंगला पुढं बरीच वर्षं गोदाम होता. आता भोवती बाग आहे, खोल्यांत चित्रं आहेत आणि रुंद व्हरांड्यात शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होतो. सगळं बघतात सुनंदाताई. कुठलं झाड कुणी लावलं, हे त्यांना तोंडपाठ.

त्या दिवशी संबळवादन होतं. वाजवणार होती अंबिका, मारुतीबुवा गोंधळ्यांची कॉलेजात शिकणारी नात. त्यांच्या घरात मुलीनं चारचौघांत संबळ वाजवायची ही पहिलीच वेळ. भाऊबंद नाराज होते. बुवा तयार झाले होते ते एकाच अटीवर, की पहिला ठोका पेटत्या दिवटीसमोर पडला पाहिजे. लग्नानंतर आमच्याही घरी गोंधळ घालायचा होता, त्यामुळं हे माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरीनं संबळ? आपल्याकडं असलं चालायचं न्हाय."

घोटाळा वेगळाच झाला. व्हरांड्याचं छत जुन्या सागवानाचं. मागं कुण्या वरातीतला फटाका पडून एक कोपरा जळाला, तेव्हापासून आत काडीसुद्धा पेटवायची नाही, असा सुनंदाताईंचा नियम. म्हणून त्यांनी हौसेनं बॅटरीवर चालणारी दिवटी आणून ठेवली होती. बुवांनी ती पाहिली आणि संबळ परत फडक्यात बांधायला घेतला.

"ही दिवटी न्हाय, खेळणं हाय," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी देवीला फसवायला शिकवू का पोरीला?"

अंबिकाचे डोळे भरून आले. मला तिचं फार वाईट वाटलं, कारण बुवांचंही बरोबर होतं आणि सुनंदाताईंचंही. सुनंदाताईंनी एकदा छताकडं पाहिलं, एकदा पोरीकडं.

"बुवा, नियम बंगल्याला हाय," त्या म्हणाल्या. "हिरीला न्हाय."

बंगल्यामागं मोटेची जुनी विहीर आहे. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जायचे, ती धाव अजून शाबूत आहे. आम्ही पन्नासेक माणसं त्या उतारावर बसलो, वर विहिरीच्या तोंडाशी अंबिका उभी राहिली. बुवांनी तेल घालून दिवटी पेटवली. त्यांना तुणतुणं धरायचं होतं, म्हणून समोर बसलेल्या आमच्या ह्यांच्या हातात त्यांनी दिवटी दिली. देवीच्या कामाला नाही कसं म्हणणार?

पहिला ठोका अडखळला. दुसरा नाही. थोड्या वेळानं सगळा उतार 'उदे गं अंबे उदे' म्हणत होता आणि मी रडत होते, खुशाल सांगते. हे तिच्या हातांकडं असे बघत राहिले, की तेल बाहीवर ओघळलेलंही त्यांना कळलं नाही.

धाराशिवला गाडी बदलून घरी आलो. खोल्यांतली चित्रं मी आत्ताच विसरायला लागलेय. सदऱ्यावरचा डाग मात्र दोनदा धुऊनही निघालेला नाही. सकाळी चहा घेता घेता ह्यांनी सुनंदाताईंकडून नंबर मिळवला आणि मारुतीबुवांना फोन लावला.

"बुवा, लग्नाचा गोंधळ तुमीच घालायचा," ते म्हणाले. "पण संबळ नातीनं वाजवायचा. न्हायतर दिवटी म्या धरणार न्हाय."