न ऐकलेली साक्ष

"हां, पुढं बोला!" असं म्हणून बाई दोनदा टाळी वाजवायच्या. खो-खोच्या मैदानावर वाजवायच्या, तशीच माझ्या घोडेगावच्या वकिली ऑफिसातही. शेजारी बसलेला पक्षकार दचकायचा. त्यांना हळू बोलणं जमायचंच नाही. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील, सगळ्या गावालाच मैदान समजणाऱ्या.

बाई आंबेगाव तालुक्यातल्या एका खासगी शाळेत खेळ शिकवायच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा नोकरी जाऊन बराच काळ झाला होता. आरोप असा, की स्पर्धेला नेलेल्या मुलींना सोडून त्या परवानगीशिवाय निघून गेल्या. मागे एक मुलगी पडली, तिचा हात मोडला. संस्थेनं चौकशी करून बाईंना बडतर्फ केलं. बाईंनी पुण्याला शाळा न्यायाधिकरणात दाद मागितली. तिथं विचारलं, "कुठे गेला होता?" बाई म्हणाल्या, "ते सांगता येणार न्हाई." न्यायाधिकरणानं आरोप सिद्ध धरला आणि बडतर्फी कायम केली.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

बाईंनी सोबत आलेल्या मुलीकडे पाहिलं. मग तीच बोलली. ती आता अवसरीला इंजिनिअरिंगला होती. त्या स्पर्धेच्या वेळी ती बाईंच्याच संघात होती, सोळा वर्षांची, आणि दुसऱ्या दिवशी घरी तिचं लग्न उरकायचं ठरलं होतं. तिनं ते बाईंना सांगितलं. बाईंनी संघ दुसऱ्या शाळेच्या सरांवर सोपवला आणि तिला एसटीनं निरगुडसरला मावशीकडे पोचवलं. मावशीनं तिला ठेवून घेतलं. लग्न मोडलं.

"बाईंना मीच शपथ घातली व्हती," ती म्हणाली. "कुणाला सांगू नका, वडलांवर केस होईल. आता मी मोठी झाले. मी कोर्टात सांगते."

मी दोघींना समजावलं. त्याच दोन बाजूंमधल्या एका प्रश्नाचा योग्य ठिकाणी निकाल लागला आणि तो अंतिम झाला, की तोच प्रश्न दुसऱ्या कोर्टात नव्यानं काढता येत नाही. नाहीतर कुठलंच भांडण संपायचं नाही. बाईंनी वरच्या कोर्टात दाद मागितली नव्हती. शिवाय तेव्हा सांगता येण्यासारखं होतं ते सांगितलं नाही, हेही अंगावर येणार होतं.

"खरं असलं तरी?" मुलीनं विचारलं.

"खरं असलं तरी."

बाई म्हणाल्या, "लावा दावा, वकीलसाहेब. पोरीला एकदा बोलायचंय."

दावा लावला. संस्थेच्या वकिलानं पहिल्याच तारखेला न्यायाधिकरणाचा निकाल पुढे केला. न्यायाधीश मला म्हणाले, "तुमची साक्षीदार बाहेर थांबलीय, मला माहीत आहे. पण तिला आत बोलावण्याचा रस्ता त्या निकालानं बंद झालाय. ती खरं बोलते की खोटं, हे मी ठरवूच शकत नाही." दावा फेटाळला गेला.

त्या निकालाला मी आजही चुकीचा म्हणणार नाही. याच नियमाच्या आधारानं मी माझे काही पक्षकार सोडवले आहेत. तरी त्या दिवशी व्हरांड्यात यायच्या आधी मी टेबलावरचे कागद उगाच दोनदा लावले.

बाहेर मुलगी रडत होती. "माझ्यामुळं झालं सगळं."

"तुझ्यामुळं कशाला? मी माझ्या पायानं गेले," बाई म्हणाल्या. "आन् त्या दुसऱ्या पोरीचा हात मोडला, ते बी खरंच हाय ना? तिला मी अजून भेटून येते. चल, चहा पिऊ."

पुढे बाई गावातल्या मोकळ्या जागेत मुलींना सकाळी खेळ शिकवायच्या. गेल्या वर्षी हृदयविकारानं अचानक गेल्या.

दशक्रियेला नदीकाठी मोठी गर्दी झाली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माइकवर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. त्या मुलीनं पुढे होऊन माइक मागून घेतला आणि कोर्टात सांगायचं राहिलेलं सगळं सांगितलं. स्पर्धा, एसटी, मावशीचं घर, शपथ. तिचे वडील गर्दीत मान खाली घालून बसले होते. त्यांचं नाव तिनं घेतलं नाही, पण लपवलंही काही नाही. "बाई पळून गेल्या नव्हत्या," एवढं म्हणून ती थांबली.

सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारलं. शाळेच्या संस्थेचे सचिव पहिल्या रांगेतून उठले. त्यांनी माइक हातात घेतला आणि तसाच परत दिला. मग नुसते हात जोडले आणि आपली खुर्ची सोडून सगळ्यात मागे, मातीत बसलेल्या खो-खोच्या मुलींशेजारी जाऊन बसले.