सैल नमस्कार

आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत कुंडलिनी योग शिकवायला उल्हासनगरहून एक सिंधी बाई येतात. बाकी आसनं कशीही झाली तरी त्यांना चालतात, नमस्कार मात्र बरोबर हवा. तळवे पूर्ण भिडलेले, बोटं वर, अंगठे छातीच्या मधल्या हाडाला टेकलेले. कुणाचे हात सैल दिसले की त्या थेट समोर येऊन उभ्या राहतात. "इलेक्शनला उभे आहात काय? दाबा!"

गेल्या महिन्यात मी आईला घेऊन गेले. लकवा आल्यापासून तिचा डावा हात उठत नाही, त्यामुळे ती घराबाहेर पडायलाच तयार नसते. नमस्काराची वेळ आली तसा तिने तो हात पदराखाली घेतला. "मी आपली बघत बसते, बाई. उद्यापासून नाही येत."

बाईंनी आईच्या मागे बसून आपला डावा हात पुढे आणला आणि तळवा तिच्या उजव्या तळव्याला भिडवला. आई संकोचून गेली.

"ढीला है, मम्मी!" बाई आम्हा सगळ्यांवर ओरडतात तशाच तिच्यावर ओरडल्या. "दाबा!"

आईने जोर लावला. मग बाईंनाही लावावा लागला.