माझ्या हातात अडलेली भाकर

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे.

मला आवडणारी रूथ दिसावी म्हणून मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. तिच्या भावाची, शमुवेलची, मी कालच मांडवीच्या जेटीवर भांडणात कॉलर धरली होती.

आज प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीतला घास घ्यायचा. भाकर म्हणून एकच मोठा पाव समोर ठेवलेला. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "कुणाशी वैर असेल तर आधी मिटवून या."

शमुवेल रांग सोडून थेट माझ्यापुढे! मी मूठ वळली.

त्याने हात पुढे केला. "धर रे. तू नाही म्हणालास तर मला भाकर घेता यायची नाय."

"मी तुमच्यातला नाय!"

"भांडण तर आपलंच ना?"

वाटलं, राहू दे उपाशी. तेवढ्यात पाव मोडला गेला. एकातूनच सगळ्यांना तुकडा. त्या एवढ्याशा तुकड्यासाठी हा सगळ्यांदेखत माझ्यापुढे उभा! मी हात धरला.

मला भाकर मिळाली नाही, ख्रिस्ती होण्याचा बाप्तिस्मा माझा झालेला नाही ना. पण शमुवेलने डोळे मिटून तो घास घेतला, आणि रूथकडे बघायचंच मी विसरलो.

खरं सांगा, तुम्ही हात धरावा म्हणून कोण थांबलंय?